जिन्यानं जाणारा लिफ्टवाला

माझ्या मामाचा आवाज काढायचा तर आधी हनुवटी गळ्यात रुतवायची, मग थेट पोटातून बोलायचं, आणि समोरचा माणूस दोन मजल्यांच्या मधे अडकलाय असं समजून प्रत्येक वाक्य सुरू करायचं. "घाबरू नका. मी आहे. आधी मला सांगा, आतला दिवा चालू आहे का?"

तो घरातही असाच बोलतो. आईचं दूध उतू गेलं की स्वयंपाकघराच्या दारात उभा राहतो. "घाबरू नकोस ताई. आधी सांग, गॅस बंद केलास का?"

"दूध उतू गेलंय रे," आई म्हणते, "मी नाही अडकलेय."

मामा लिफ्ट दुरुस्त करतो. बावीस वर्षं झाली. तो आमच्याच घरात राहतो, आणि लग्नाचा विषय निघाला की बिघडलेल्या लिफ्टसारखा तो मजला न थांबता ओलांडून जातो. कामावर त्याला सगळे 'काउंटरवेट' म्हणतात. लिफ्टच्या दोराच्या दुसऱ्या टोकाला जी लोखंडी वजनं लटकत असतात ना, जी खाली गेली की लिफ्ट वर येते, त्यांना काउंटरवेट म्हणतात. हे नाव त्याला का पडलं ते सांगायला नको. एकदा बघितलं की कळतं.

मला सगळ्यांचे आवाज काढता येतात. चौथ्या मजल्यावरच्या बाईंचा येतो, त्या शाळेतून निवृत्त झाल्या तरी अजून हजेरी घेतल्यासारख्याच बोलतात. मामाच्या साहेबांचा येतो, त्यांच्या दर तीन शब्दांमागे एक 'म्हणजे' असतो. लिफ्टमधल्या रेकॉर्ड केलेल्या बाईचाही येतो: "कृपया, दरवाजापासून, दूर उभे राहा." पण मामाचा आवाज मला नेहमी थोडा जपून काढावा लागतो. चेष्टा करायला गेलं की मधेच त्या आवाजाबद्दल आदर वाटायला लागतो, आणि मग नक्कल फसते.

गोष्ट सुरू झाली पट्ट्यापासून. लिफ्टच्या डोक्यावर उभं राहून काम करताना माणसाच्या अंगाला एक पट्टा बांधतात, पाय घसरला तर खाली जाऊ नये म्हणून. त्या पट्ट्यावर लिहिलेलं असतं, एकशे वीस किलो. मामाच्या हत्यारांची पिशवी दहा किलोची. म्हणजे माणूस एकशे दहाच्या आत हवा. बावीस वर्षांत हा हिशोब कुणी केला नव्हता. यंदा कंपनीत नवे साहेब आले आणि त्यांनी केला. मामा भरला एकशे एकोणीस.

साहेबांनी त्याला खोलीत बोलावलं. तो प्रसंग मामानं आम्हाला सांगितला आणि मी लगेच आवाजात बसवला.

"म्हणजे हे बघा, म्हणजे मला तुमच्याबद्दल आदर आहे, म्हणजे पण नियम म्हणजे नियम. सहा महिने देतो. तपासणीत एकशे दहाच्या आत आलात तर शाफ्टात काम करा. नाहीतर म्हणजे फोनच्या टेबलावर बसा."

आई खूप हसली. मामा हसला नाही. शाफ्ट म्हणजे इमारतीच्या पोटातली ती उभी काळी विहीर, जिच्यातून लिफ्ट वरखाली जाते. आपल्याला ती कधी दिसत नाही. मामाला मात्र तिथला प्रत्येक आवाज ओळखता येतो. कुठल्या चाकाला तेल हवंय, कुठला दोर कुरकुरतोय, हे तो डोळे मिटून सांगतो. त्याला फोनच्या टेबलावर बसवायचं म्हणजे माशाला बादलीत ठेवण्यासारखं. जगेल, पण पोहणार कुठे?

मग मामानं खाणं निम्मं केलं. तीन आठवडे. रात्री ताटावर बसायचा आणि निम्मं ताट आईकडे सरकवायचा, चेहरा असा की जणू इस्टेट सोडून देतोय. वजन किती उतरलं? एक किलो. तोही, आई म्हणाली, केस कापल्यामुळे.

ही वजन करायची त्याची पद्धत सांगायलाच हवी. घरात काटा आहे, पण मामा त्याला 'खेळणं' म्हणतो. आमच्या इमारतीची लिफ्ट किती वजन चढलंय ते मोजते, जास्त झालं की भोंगा वाजवते. ती मोजणी मामानंच स्वतःच्या हातानं, कंपनीतली लोखंडी वजनं आणून, अर्ध्या किलोपर्यंत बरोबर लावलेली. बटणांच्या पाटीखाली एक छोटं झाकण आहे, ते किल्लीनं उघडलं की आकडा दिसतो. दर शनिवारी सकाळी मामा तळमजल्यावर लिफ्टमध्ये एकटा शिरायचा आणि आकडा वाचायचा. तळमजल्यावरच, कारण वर गेलं की दोराचं वजन मधे येतं म्हणे.

"बावीस वर्षं मी या मशीनवर जीव टाकतोय," तो म्हणायचा, "आता ते माझ्याशी खोटं बोलेल का?"

शेवटी आईनं त्याला डॉक्टरकडे ढकललं. बाई डॉक्टर. हळू बोलणाऱ्या, आणि प्रत्येक गोष्टीच्या शेवटी 'बरं का'. त्यांनी आधी जुने रिपोर्ट नाही बघितले, मामाची मान बघितली. मानेच्या मागे त्याला एक काळपट पट्टा आहे, मखमलीसारखा. आम्हाला सगळ्यांना तो माहीत होता. ते दोरांचं तेल आहे असं आम्ही समजत होतो. मामा दर रविवारी तो पट्टा गॅरेजवाल्यांच्या तेल काढायच्या साबणानं घासायचा. सात-आठ वर्षं घासत होता.

"घासू नका," डॉक्टर म्हणाल्या. "ते तेल नाही. ते आतून येतंय, बरं का."

मग रक्त तपासलं. साखर ठीक होती. साखर ठीक म्हणून तर आजवर सगळ्यांनी त्याला 'काही नाही, फक्त कमी खा' असं सांगून परत पाठवलं होतं. पण या डॉक्टरांनी उपाशीपोटी इन्सुलिनही मोजलं, आणि ते भरपूर निघालं. इन्सुलिन रेझिस्टन्स. मामानं तो शब्द तोंडात दोनदा फिरवून बघितला.

"म्हणजे बघा," डॉक्टर म्हणाल्या, "साखर पेशीत जायला दार उघडावं लागतं. दार उघड म्हणून सांगायला इन्सुलिन येतं. तुमच्या पेशी त्याचं ऐकेनाशा झाल्यात, म्हणून शरीर आणखी इन्सुलिन पाठवतं. आणि इतकं इन्सुलिन अंगात असलं की साठलेली चरबी बाहेर निघायला कां कू करते, बरं का."

मामा खुर्चीत पुढे सरकला. आई म्हणते, इतक्या वेळात पहिल्यांदाच त्याचा चेहरा उजळला.

"म्हणजे दाराचा संपर्क झिजलाय," तो म्हणाला. "बाहेरून माणसं बटण दाबतायत, दार उघडत नाही, म्हणून आणखी दाबतायत. दहा जण दाबतायत."

"अगदी तसंच."

"पण मग बटण आणखी जोरात दाबून उपयोग नाही. मी रोज लोकांना तेच सांगतो."

"नाहीच उपयोग. आणि तुम्ही दिवसभर थोडं थोडं गोड खाताय, म्हणजे बटणावरचा हात उचलतच नाही. दिवसाला चहा किती?"

मामानं बोटं मोजली. एका हाताची संपली, दुसऱ्याची संपली, मग तो डॉक्टरांच्या बोटांकडे बघायला लागला.

त्याचं असं होतं, की लिफ्ट सुरू झाली की माणसं मेकॅनिकला चहा देतात. दिवसाला आठ-नऊ इमारती, प्रत्येक ठिकाणी दोन चमचे साखरेचा चहा आणि बशीत बिस्किटं. घरचं ताट निम्मं करून तो बाहेर दुप्पट भरत होता, आणि त्याला ते खाणं वाटतच नव्हतं. त्याच्या मते ती माणुसकी होती.

डॉक्टरांनी एक गोळी दिली. पण मुख्य म्हणजे सांगितलं, तीनदा पोटभर जेवा, मधे काही नाही. आधी भाजी, अंडी, कडधान्य, मग बाकीचं. जेवल्यावर पंधरा मिनिटं चाला. झोप पुरी घ्या. आणि जिने चढा, पायाचे स्नायू साखर ओढून घेतात.

"जिने?" मामा म्हणाला. असा आवाज, जणू कसायाला कुणी गवत खायला सांगितलंय.

पण त्यानं केलं! हेच तर मला सांगायचंय. दुसऱ्या दिवसापासून मामा जिन्यानं जायला लागला. आणि दुसऱ्याच दिवसापासून कंपनीत फोन सुरू झाले.

"अहो, तुमचा मेकॅनिक जिन्यानं गेला. लिफ्टमध्ये काहीतरी धोका आहे का?"

"हलवाई स्वतःची मिठाई खात नाही तसलं काहीतरी आहे का हो हे?"

एका आठवड्यात सतरा तक्रारी. साहेबांनी परत बोलावलं. "म्हणजे तुम्ही म्हणजे जिने चढू नका. म्हणजे लोक घाबरतात. म्हणजे कंपनीची अब्रू आहे काही."

दुसरा कुणी असता तर खूष झाला असता, साहेबांनीच सोडवलं म्हणून. मामा घरी आला, एक पुठ्ठा घेतला, माझ्याकडून जाड पेन मागितलं आणि त्याच्या त्या गोल गोल अक्षरात लिहिलं: 'लिफ्ट उत्तम चालू आहे. मेकॅनिकचं वजन जास्त आहे.' पुठ्ठ्याला दोरी लावली आणि गळ्यात घातली.

"अरे, लाज नाही वाटत?" आई म्हणाली.

"लाज कसली ताई? 'काम चालू आहे' अशी पाटी मी आयुष्यभर लावतोय. ही पण तीच पाटी."

तो पुठ्ठा घालून तो महिनाभर हिंडला. पहिले चार दिवस लोक हसले. मग एका इमारतीत त्याला चहा देणारे आजोबा म्हणाले, "चहा नाही तर निदान माझ्याबरोबर दोन मजले तरी चढ." मग ती रीतच पडली. लिफ्ट दुरुस्त झाली की मामा चहाऐवजी कुणाला तरी सोबत घेऊन दोन मजले जिना चढायचा. माणुसकीही राहिली आणि साखरही चुकली. तीन महिन्यांत आकडा एकशे तेरावर आला.

मग कंपनीनं त्याला नव्या मशीनच्या प्रशिक्षणासाठी चार आठवडे दुसऱ्या गावी पाठवलं. तिथं वसतिगृहाचं जेवण. तो फोनवर रोज सांगायचा, "आज पाव सोडला. आज चार किलोमीटर चाललो." परत आला त्या शनिवारी आम्ही सगळे लिफ्टच्या दाराशी उभे होतो. मामा आत गेला, झाकण उघडलं, आणि आकडा परत परत वाचत राहिला.

"किती रे?" आईनं विचारलं.

"एकशे सतरा."

चार किलो वाढलं होतं. चौथ्या मजल्यावरच्या बाई तेवढ्यात खाली आल्या, त्यांना वेगळीच घाई. "बघितलंस का? तू नसताना इमारतीच्या समितीकडून बसवून घेतला! मीच मागे लागले होते. केस तरी नीट करता येतात जाताना." लिफ्टच्या मागच्या भिंतीवर नवा मोठा आरसा होता, स्टीलच्या चौकटीचा. मामानं त्यात स्वतःकडे बघितलं, पोट आत ओढलं आणि म्हणाला, "छान आहे बाई."

त्यानंतरचे दिवस मला नको वाटतात आठवायला. तपासणीला पाच आठवडे राहिले होते. मामा सगळं तसंच करत होता, जिने, चालणं, भाजी आधी. शनिवारी एकशे सोळा. मग साडेपंधरा. पँट सैल झालेली आईला दिसत होती.

"अरे, कमरेला मूठभर जागा झालीय तुझ्या."

"कापड ताणलं ताई. आकडा खोटं बोलत नाही."

डॉक्टरांकडे जायची तारीख होती, तो गेला नाही. "काय तोंड दाखवू? त्यांनी सगळं बरोबर सांगितलं आणि मी वसतिगृहात माती खाल्ली." खरं तर त्यानं माती काय, पावसुद्धा खाल्ला नव्हता. पण मशीन सांगतंय म्हटल्यावर त्याला आपल्या आठवणीवरही विश्वास राहिला नाही.

तपासणीला नऊ दिवस उरले, तेव्हा त्यानं कुणाला न सांगता खाणंच सोडलं. दोन दिवस फक्त पाणी. डबा घेऊन जायचा आणि कामावरच्या जोडीदाराला द्यायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी एका इमारतीत, सहाव्या मजल्याच्या उंचीवर, लिफ्टच्या डोक्यावर उभा असताना त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी आली.

आता इथं मामा काय करतो बघा. त्यानं आधी लाल बटण दाबून लिफ्ट बंद केली. मग खाली बसला. मग जोडीदाराला हाक मारली, "मला उतरव. मी आज इथं उभं राहायच्या लायकीचा नाही." आणि खाली आल्यावर साहेबांना स्वतः फोन केला. जोडीदार म्हणत होता, कशाला सांगतोस, पाणी पी, बरं वाटेल. मामा म्हणाला, "उद्या या दोराखाली तूच उभा असशील."

साहेबांनी त्याला तपासणीपर्यंत फोनच्या टेबलावर बसवलं. "म्हणजे पुढेही म्हणजे तिथंच राहायची तयारी ठेवा," असंही म्हणाले.

मी शाळेतून येताना एकदा त्या टेबलापाशी गेले होते. मामा फोनवर कुणा अडकलेल्या बाईला सांगत होता, "घाबरू नका. मी आहे. पर्समध्ये काय काय आहे ते मला एकेक करून सांगा." तिनं अर्धा तास पर्स रिकामी केली आणि तिला घाबरायला वेळच मिळाला नाही. शेजारचे सगळे काम थांबवून ऐकत होते. फोन ठेवल्यावर मामा मात्र खिडकीतून समोरच्या इमारतीकडे बघत बसला. तिच्या लिफ्टचा दोर त्यानं अकरा वर्षांपूर्वी बदलला होता.

रविवारी दुपारी आम्ही जेवायला बसलो. आईनं आता त्याच्या समोर बसून जेवू घालायचा नेम धरला होता. मामा अंडं सुरीनं कापत होता, कापलेलं परत कापत होता. कुणी बोलेना. मला शांतता सहन होत नाही, हा माझा जुना दोष. म्हणून मी मामाचा आवाज काढला. तो नव्या पोरांना फोनवर शिकवतो तो प्रसंग. हनुवटी गळ्यात, आवाज पोटात.

"काय? लिफ्ट चुकीचं वजन दाखवते? मग आधी शून्य बघितलंस का? अरे, रिकाम्या लिफ्टला जर शून्य दाखवता येत नसेल, तर भरलेल्या लिफ्टचं तू काय ऐकतोस? आधी शून्य बघ, मग मला फोन कर!"

आई हसली. मामाची सुरी थांबली.

"काय म्हणालीस?"

"अरे, गंमत केली मामा."

"परत म्हण."

मी परत म्हटलं, जरा घाबरत. मामा उठला. खुंटीवरची किल्ली घेतली आणि अनवाणीच बाहेर गेला. आम्ही मागोमाग. त्यानं लिफ्ट तळमजल्यावर आणली, दार उघडं ठेवलं, स्वतः बाहेर उभा राहिला, फक्त हात आत घालून झाकण उघडलं. लिफ्टमध्ये चिटपाखरू नव्हतं.

आकडा होता साडेसहा.

मामा त्या आकड्याकडे बघत राहिला. मग आरशाकडे. मग परत आकड्याकडे. आरशात एक मोठा माणूस उभा होता, तोंड उघडं, हातात किल्ली.

बावीस वर्षं दुनियेला 'आधी शून्य बघ' सांगणारा हा माणूस, लिफ्टला साडेसहा किलोचा आरसा लागला तरी शून्य बघायला विसरला होता. दर शनिवारी त्या आरशात पोट आत ओढायचा आणि त्या आरशालाच पोटात धरून वजन वाचायचा! कालचा आकडा एकशे पंधरा होता. त्यातून साडेसहा गेले. आईनं बोटांवर केलं, मग मी केलं, मग दोघींनी एकमेकींकडे बघितलं.

"एकशे साडेआठ," आई म्हणाली. आणि मग ती जी पेटली! "अरे, म्हणजे तू दोन दिवस उपाशी राहिलास, ते कशासाठी? आरशाचं वजन उतरवायला?"

तेवढ्यात बाई आल्याच. "काय झालं? आरसा फुटला का?"

"नाही बाई," मी त्यांच्याच आवाजात म्हटलं, "आरशानं हजेरी दिली!" त्या दिवशी मला दोघींनीही धपाटा घातला.

मला वाटलं मामा नाचेल. तो जिन्याच्या पायरीवर बसला. "वसतिगृहात मी खरंच नव्हतं खाल्लं," तो हळूच म्हणाला, आणि मग डोळे पुसले. सगळ्यांत जास्त त्याला तेच टोचत होतं, हे तेव्हा मला कळलं. आपण प्रामाणिकपणे केलेलं काम आपणच खोटं ठरवलं, हे.

सोमवारी तो आधी डॉक्टरांकडे गेला आणि सगळं सांगितलं. "आकडा बरोबर आला तरी उपाशी राहणं चूकच होतं, बरं का," त्या म्हणाल्या. "आणि आकडा चुकला तर माणसानं इथं यायचं असतं, लपायचं नसतं." मामानं मान खाली घातली, तेव्हा त्यांना मानेचा पट्टा दिसला. फिका झाला होता. साबणाशिवाय.

मग त्यानं साहेबांना आरशाची गोष्टही जशीच्या तशी सांगितली. आपली चूक आपणच जाहीर केली. कंपनीत त्याचं नाव दोन दिवस 'आरसा' होतं, मग परत 'काउंटरवेट' झालं.

तपासणीच्या दिवशी साहेब आणि कंपनीचे डॉक्टर काट्यापाशी उभे होते. मामानं बूट काढले, घड्याळ काढलं, आणि काट्यावर चढायच्या आधी म्हणाला, "माफ करा, आधी शून्य दाखवता का?"

काटा पाऊण किलो जास्त दाखवत होता. साहेब म्हणाले, "म्हणजे हे म्हणजे कधीपासून?" काटा नीट केला. मामा चढला. एकशे आठ.

त्याच दुपारी मी त्याच्याबरोबर गेले, त्यानं मुद्दाम बोलावलं होतं. बारा मजली इमारत, तळाशी मी, वर अंधारात तो. तिथं वर पोचायला तो अर्थात जिन्यानं गेला, बारा मजले, पुठ्ठा घरी ठेवून. दोर किंचित हलले. वरून चाकाचा बारीक आवाज आला आणि मग तो नेहमीचा, हनुवटी गळ्यात रुतवलेला आवाज, विहिरीतून घुमत खाली आला:

"ताईला फोन कर. म्हणावं, पोचलो. आणि जेवायला मी वेळेवर येतोय."

हा आवाज मला अजून काढता येत नाही.